डेटाबेस प्रशासन : व्यवसायाचा विकास

डेटाबेस प्रशासन : परस्परसंबद्ध नोंदींचा संगणकावर ठेवलेला सुव्यवस्थित साठा म्हणजे डेटाबेस होय. या साठ्याची रचना ठरविणे, नोंदींची अचूकता व सुरक्षितता राखणे, ज्यास अधिकार आहे त्यालाच नोंद पाहता वा बदलता येईल अशी व्यवस्था करणे आणि बिघाडानंतर साठा पूर्ववत उभा करणे ही कामे करणाऱ्यास डेटाबेस प्रशासक म्हणतात. त्याच साठ्यावर चालणारे कार्यक्रम लिहिणाऱ्यास विकसक अशी संज्ञा आहे. या दोन्ही व्यवसायांचे वय जेमतेम साठ वर्षांचे आहे. तथापि त्यांच्यापुढील मूळ प्रश्न फार जुना आहे. नोंद ठेवणाऱ्याचे महत्त्व त्याच्याजवळील गुप्त माहितीमुळे वाढावे, की नोंद इतरांना पडताळता येईल अशी ठेवण्याच्या कौशल्यामुळे वाढावे, हा तो प्रश्न होय. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव व त्याच्या सभोवतालचा वऱ्हाड प्रदेश यांच्या संदर्भात हा इतिहास पाहणे उद्‌बोधक ठरते. महसुली दप्तराची दीर्घ परंपरा असलेल्या या कृषिप्रधान भागातच १९८३ पासून अभियांत्रिकी शिक्षणाची सोय झाली आणि येथील तरुण नव्या प्रकारच्या दप्तराच्या व्यवसायात शिरू लागले.

वऱ्हाडातील दप्तर : १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड निजामाकडून ब्रिटिशांच्या प्रशासनाखाली आला. तत्पूर्वी परगण्याचे हिशेब देशपांडे व गावाचे हिशेब पटवारी ठेवीत असत. पश्चिम महाराष्ट्रात गावपातळीवरील हेच काम कुलकर्ण्याकडे असे. मोडी लिपीत लिहिलेले व रुमालात बांधलेले हे दप्तर वतनाबरोबर पित्याकडून पुत्राकडे जाई. कोणते शेत कोणाचे, सारा किती, बाकी किती, या सर्वांचा उलगडा दप्तर वाचू शकणाऱ्या एका व्यक्तीवर अवलंबून असे. रयतेला बहुधा अक्षरओळख नसल्याने नोंद खरी की खोटी हे तपासण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते. या अवलंबित्वाचा कुलकर्णी गैरफायदा घेतात, अशी टीका जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात केली आहे.

१८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडात जमिनीची मोजणी व सारा-आकारणी सुरू झाली. प्रत्येक शेताला क्रमांक, निश्चित हद्द, क्षेत्र व आकार मिळाला. या पद्धतीमुळे परगण्याच्या वतनदारांची प्रशासकीय गरज संपली. पटवारी मात्र टिकून राहिला. नोंदव्यवस्थेच्या दृष्टीने या बदलाचे मर्म क्रमांकात होते. ‘ओढ्याकाठचे, आंब्याखालचे शेत’ या वर्णनाचा अर्थ स्थानिक माणसालाच कळतो. क्रमांकित शेत कोणत्याही अधिकाऱ्याला नकाशावर दाखविता येते. मुंबई इलाख्यात १९०३ च्या अधिकार-अभिलेख कायद्याने जमिनीवरील हक्कांची स्वतंत्र नोंद ठेवण्यास आरंभ झाला. स्वातंत्र्योत्तर काळात वतनी पद्धती रद्द होऊन पगारी तलाठी नेमण्यात आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता (१९६६) व तिच्याखालील नियम यांनी राज्यभर गावनमुन्यांत एकसूत्रता आणली. ‘सात-बारा’ या नावाने सर्वपरिचित असलेला उतारा म्हणजे अधिकार-अभिलेखाचा नमुना सात व पिकांच्या नोंदीचा नमुना बारा यांचा संयोग होय.

दप्तराची दुसरी परंपरा व्यापाराची. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मार्गावर शेगावचे स्थानक आहे. रेल्वेमुळे या भागातील कापसाच्या व्यापारास चालना मिळाली. व्यापारी पेढीवर दिवसाचा प्रत्येक व्यवहार घडला त्या क्रमाने प्रथम रोजकीर्दीत लिहिला जाई आणि नंतर खतावणीत त्या त्या खात्यावर चढविला जाई. खतावणी नष्ट झाली, तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा तयार करता येत असे. आधुनिक डेटाबेसचे संरक्षण नेमक्या याच तत्त्वावर चालते : कोणताही बदल मुख्य साठ्यात पक्का होण्यापूर्वी तो क्रमवार नोंदवहीत लिहिला जातो आणि मध्येच वीज गेली, तर यंत्र त्या नोंदवहीवरून साठा सावरून घेते.

छिद्रपत्रांपासून संगणकाकडे : नोंदींचे यांत्रिक संस्करण १८९० च्या अमेरिकेतील जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या छिद्रपत्र-यंत्रांनी मोठ्या प्रमाणावर केले. दुसऱ्या महायुद्धानंतर संगणक आले, तरी प्रारंभी प्रत्येक कार्यक्रमाची आधारसामग्री स्वतंत्र फितीवर असे. एकाच ग्राहकाचे नाव चार फितींवर चार प्रकारे आढळे आणि एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसरीकडे पोहोचत नसे. यावर उपाय म्हणून सर्व कार्यक्रमांना समाईक असा एकच साठा ठेवण्याची कल्पना पुढे आली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाकमन यांनी १९६०–७० या दशकाच्या पूर्वार्धात अशा प्रकारची पहिली महत्त्वाची प्रणाली तयार केली. अपोलो चांद्रमोहिमेच्या यानाच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्याच्या गरजेतून आय.बी.एम. कंपनीची आय.एम.एस. ही प्रणाली निर्माण झाली. साठा समाईक झाल्यावर त्याची जबाबदारी कोणत्याही एका विभागाकडे ठेवणे शक्य नव्हते. त्यामुळे १९७०–८० या दशकाच्या आरंभी डेटाबेस प्रशासक हे स्वतंत्र पद रूढ होऊ लागले.

वाटाड्या व विश्वस्त : या सुरुवातीच्या प्रणालींमध्ये एका नोंदीपासून दुसरीकडे जाण्याच्या वाटा आधीच आखलेल्या असत. हवी ती माहिती काढण्यासाठी कार्यक्रमकाराला या वाटा तोंडपाठ असाव्या लागत. १९७३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात बाकमन यांनी कार्यक्रमकाराला नावाड्याची उपमा दिली ती याच अर्थाने. परंतु वाटा जाणणारा माणूस निघून गेला किंवा साठ्याची मांडणी बदलली, म्हणजे लिहिलेले कार्यक्रम निरुपयोगी होत.

आय.बी.एम.च्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या अवलंबित्वावरच घाव घातला. नोंदी साध्या कोष्टकांत ठेवाव्यात, कोष्टकांतील संबंध नोंदींमधील समान मूल्यांवरून जुळावेत आणि विचारणाऱ्याने ‘काय हवे’ एवढेच सांगावे. ‘कोठून कसे आणावे’ हे यंत्राने ठरवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. उदा., एका कोष्टकात खातेदाराचा खाते क्रमांक व नाव, दुसऱ्यात शेताचा क्रमांक, क्षेत्र व खाते क्रमांक आणि तिसऱ्यात शेताचा क्रमांक, हंगाम व पीक असे ठेवल्यास ‘दोन हेक्टरांहून कमी जमीन असलेल्या कोणत्या खातेदारांनी कापूस लावला’ हा प्रश्न, तो आधी कोणी कल्पिला नसला, तरी सोडविता येतो. खातेदाराचे नाव एकाच ठिकाणी असल्याने दुरुस्तीही एकदाच करावी लागते. या विचारातून एस.क्यू.एल. ही पृच्छाभाषा निर्माण झाली. १९७९ मध्ये ओरॅकलची पहिली व्यापारी प्रणाली बाजारात आली व १९८६ मध्ये अमेरिकेत एस.क्यू.एल.ला प्रमाण भाषेचा दर्जा मिळाला. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

या बदलाने व्यवसायाचे स्वरूपच पालटले. गुप्त वाटांचे ज्ञान हे ज्यांचे भांडवल होते, त्यांचे महत्त्व कमी झाले. रचना शुद्ध ठेवणाऱ्याचे व अनेकांच्या वापराचे नियमन करणाऱ्याचे महत्त्व वाढले. समजा, यात्रेच्या दिवशी भक्तनिवासातील एकच रिकामी खोली दोन खिडक्यांवरील कर्मचाऱ्यांना एकाच क्षणी दिसली, तर ती दोघा यात्रेकरूंना दिली जाण्याचा संभव असतो. त्याचप्रमाणे जमीनविक्रीत विकणाऱ्याच्या खात्यातून क्षेत्र वजा झाले आणि घेणाऱ्याच्या खात्यावर चढण्यापूर्वीच यंत्र बंद पडले, तर जमीन कागदोपत्री कोणाचीच राहत नाही. व्यवहार पूर्ण व्हावा अथवा मुळीच होऊ नये आणि एकाच वेळी चालणाऱ्या व्यवहारांनी एकमेकांस बाधा आणू नये, ही तत्त्वे जिम ग्रे व इतर संशोधकांनी शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. त्याबद्दल ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

भारतातील व महाराष्ट्रातील वाटचाल : भारतात संगणकीय सेवेचा व्यवसाय प्रथम मुंबईत रुजला. १९६८ मध्ये तेथे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था सुरू झाली व फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली वाढली. आय.बी.एम.ने १९७८ मध्ये भारतातील आपला व्यवसाय थांबविल्यावर निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर काम करण्याची पाळी भारतीय तंत्रज्ञांवर आली आणि एका यंत्रावरील कार्यक्रम दुसऱ्यावर नेण्याचे कौशल्य त्यांना आत्मसात करावे लागले. शासकीय क्षेत्रात १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने जिल्हा पातळीपर्यंत संगणक नेले.

पुण्यात १९८१ मध्ये टाटांचे संशोधन केंद्र व १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) सुरू झाले. डेटाबेस हा विषयच आधारभूत मानून उभ्या राहिलेल्या उद्योगांत पुण्यातील पर्सिस्टंट सिस्टिम्स (१९९०) हिचा उल्लेख आवश्यक आहे. तिचे संस्थापक आनंद देशपांडे यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डेटाबेस या विषयात डॉक्टरेट मिळविली होती. विदेशी सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी डेटाबेसविषयक उत्पादनांचे काम भारतात राहून करता येते, हे या कंपनीने दाखवून दिले. अध्यापनाच्या क्षेत्रात मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील एस. सुदर्शन हे जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या डेटाबेसवरील एका प्रमाणभूत इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आहेत. १९९१ नंतरचे उदारीकरण आणि २००० सालापूर्वी जुन्या कार्यक्रमांतील दोन अंकी वर्षाची दुरुस्ती करण्याचे जागतिक काम यांमुळे तंत्रज्ञांची मागणी झपाट्याने वाढली.

शेगाव येथील शिक्षण : संत गजानन महाराजांच्या वास्तव्यामुळे तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध असलेल्या शेगावात १९८३ मध्ये श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी अमरावती विद्यापीठाची (आताचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) स्थापना झाली. महाविद्यालयात संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान या शाखांचे शिक्षण मिळते. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या गावात असे शिक्षण उपलब्ध होण्याचे महत्त्व केवळ पदवीपुरते नाही. ज्या कुटुंबांचा दप्तराशी संबंध सात-बाराचा उतारा मागण्यापुरता होता, त्यांतील मुलामुलींना दप्तराची रचना करणाऱ्यांच्या बाजूस जाण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. वतनी काळात हे ज्ञान जन्माने मिळे. येथे ते अभ्यासाने मिळू लागले. मात्र या क्षेत्रातील रोजगार मुख्यतः पुणे, मुंबई, बंगलोर, हैदराबाद अशा शहरांत एकवटल्यामुळे विदर्भातील पदवीधरांना स्थलांतर करणे बहुधा भाग पडते.

व्यावसायिक वाढीचे टप्पे : पदवी ही या व्यवसायाची केवळ सुरुवात असते. नवागत प्रशासकाकडे प्रथम वापरकर्त्यांची खाती उघडणे, साठ्याच्या नकला घेणे व यंत्रावर देखरेख ठेवणे ही नित्याची कामे येतात. यांतील पहिला खरा धडा नकलेचा असतो. नकल घेतली म्हणजे काम संपले असे नव्हे. तिच्यावरून साठा प्रत्यक्ष उभा करून पाहिल्याशिवाय ती विश्वसनीय मानता येत नाही. दुसरा टप्पा कार्यक्षमतेचा. एखाद्या पृच्छेचे उत्तर मिळण्यास विलंब का लागतो, हे शोधण्यासाठी यंत्राने निवडलेली कार्ययोजना वाचावी लागते आणि योग्य तेथे निर्देशसूची तयार करावी लागते. ग्रंथाच्या शेवटच्या सूचीमुळे शब्द लवकर सापडतो. परंतु मजकूर बदलला की सूचीही बदलावी लागते. म्हणून निर्देशसूची जितक्या अधिक तितका साठा चांगला, ही समजूत चुकीची ठरते.

तिसऱ्या टप्प्यात रचनेचे काम येते. येथे विकसक व प्रशासक यांचे मार्ग एकमेकांस मिळतात. विकसकाला कार्यक्रम लवकर पूर्ण व्हावा असे वाटते, तर प्रशासकाला साठा दीर्घकाळ टिकावा अशी चिंता असते. दोघांनीही एकमेकांचे काम शिकून घेतले नाही, तर हा विरोध तीव्र होतो. अनुभवी विकसक आपल्या पृच्छेचा साठ्यावर पडणारा भार जाणतो आणि अनुभवी प्रशासक ज्या कामासाठी साठा आहे ते काम समजून घेतो. बँकेचा साठा सांभाळणाऱ्यास व्याजाची आकारणी आणि भूमि-अभिलेखाचा साठा सांभाळणाऱ्यास वारसनोंद व फेरफार यांचे ज्ञान असावे लागते. अखेरच्या टप्प्यावर कोणती माहिती गोळा करावी, किती काळ ठेवावी व कोणास दाखवावी, अशा धोरणात्मक निर्णयांत प्रशासकाचा सल्ला घेतला जातो.

यंत्रप्रणाली मात्र सतत बदलत असतात. १९९०–२००० या दशकात पोस्टग्रेस्‌क्यूएल व मायएस्‌क्यूएल या मुक्त प्रणाली पुढे आल्या. त्यांमुळे महागडा परवाना न घेता साध्या संगणकावर सराव करणे विद्यार्थ्यांना शक्य झाले. लहान गावांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष उपकारक ठरली.

भूमि-अभिलेखांचे संगणकीकरण : जुने दप्तर व नवा डेटाबेस यांची प्रत्यक्ष गाठ भूमि-अभिलेखांत पडली. केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. त्यांत महाराष्ट्रातून विदर्भातीलच वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. हे काम वाटले होते त्यापेक्षा कठीण निघाले. कागदावरील नोंदीत खाडाखोड, समासातील शेरे व अपुरी क्षेत्रे असत. एकाच खातेदाराचे नाव एका उताऱ्यावर वडिलांच्या नावासह, तर दुसऱ्यावर केवळ आडनावाने आढळे. माणूस असे फरक समजून घेतो. यंत्राच्या दृष्टीने त्या दोन भिन्न व्यक्ती होतात. देवनागरीचाही प्रश्न होता. सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान व १९९१ चे इस्की हे भारतीय मानक यांमुळे मराठी नोंदी संगणकावर ठेवता आल्या. पुढे युनिकोडचा वापर रूढ झाल्यावर जुन्या नोंदींचे रूपांतर करावे लागले.

संगणकीकृत सात-बारा मूळ हस्तलिखित उताऱ्याशी जुळतो की नाही, हे पाहण्यासाठी राज्यात २०१७ मध्ये गावोगावी चावडी-वाचनाची मोहीम घेण्यात आली. खातेदारांसमोर नोंदी वाचून दाखवून त्यांच्या हरकती घेण्यात आल्या. डेटाबेस प्रशासनाच्या इतिहासात या मोहिमेस वेगळे महत्त्व आहे. यंत्र बेरीज जुळते की नाही हे तपासू शकते, क्रमांक दुबार आला तर नाकारू शकते. पण शेत खरोखर कोणाचे आहे, हे त्यास कळत नाही. त्या सत्याचा साक्षीदार गावच असतो. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सात-बारा उपलब्ध झाला. पीककर्ज, पीकविमा व वारसाहक्क यांचा आधार हा उताराच असल्याने त्यातील एका चुकीच्या अक्षराचेही परिणाम शेतकऱ्यास भोगावे लागतात. अशाच प्रकारची जबाबदारी व्यक्तीच्या ओळखीच्या नोंदीबाबतही निर्माण झाली आहे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय घटना होय.

सद्यःस्थिती : २००९ नंतर दूरस्थ संगणककेंद्रांतून भाड्याने मिळणाऱ्या डेटाबेस-सेवांचा प्रसार झाला. नकला घेणे, सुधारित आवृत्ती बसविणे, जागा वाढविणे ही पूर्वी प्रशासकाची मानली जाणारी कामे त्यांत आपोआप होतात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पृच्छाही लिहून मिळतात. त्यामुळे हा व्यवसाय लोप पावेल, अशी शंका व्यक्त केली जाते. परगण्याच्या वतनदारांचे काम मोजणीने संपविले आणि वाटा पाठ असलेल्या कार्यक्रमकाराचे काम कॉड यांच्या कोष्टकांनी संपविले, त्याचप्रमाणे केवळ नित्यकर्मावर अवलंबून असलेल्या प्रशासकाचे काम कमी होत आहे. तथापि नोंद कशाची ठेवावी, तिचा अर्थ काय, ती कोणी पाहावी व चूक झाल्यास दाद कोठे मागावी हे निर्णय यंत्रावर सोपविता आलेले नाहीत. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने नागरिकास स्वतःविषयीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क मान्य केल्यामुळे या निर्णयांना विधिविषयक महत्त्वही प्राप्त झाले आहे. ज्या दप्तरदाराने आपले दप्तर इतरांना वाचता येईल असे ठेवले त्याच्यावरच लोकांचा विश्वास बसला, हा वऱ्हाडातील अनुभव नव्या व्यवसायालाही तितकाच लागू पडतो.